सरंजाम, केरी आणि आमची आमली



पुण्याच्या नातेवाइकांना "आम्ही आमलीला राहतो" असं सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "आंबोलीला पाऊस फार असतो ना हो?" मग सुरुवातीपासून सांगावं लागतं. आंबोली नव्हे, आमली. सिल्वासातली. वापीला उतरायचं आणि रिक्षा नाहीतर बस पकडायची. गुजरातीत आमली म्हणजे चिंच, त्यामुळे पत्ता सांगतानाच तोंडाला पाणी सुटतं!

बँकेच्या बदलीने इथे आलो आणि इथलाच झालो. काउंटरवर गुजराती, शिपायाशी हिंदी, खानवेलकडून येणाऱ्या खातेदारांची वारली-कोकणा आणि घरी मराठी. सौ. सुरुवातीला गुजराती शेजारणीशी मराठीतच बोलायची, फक्त शेवटी "छे" लावून. एकदा शेजारीण म्हणाली, "भाभी, सांजे केरी मोकलीश." आमच्या हिने मोहरी, मेथी, हिंग, तेल, बरण्या असा लोणच्याचा सगळा सरंजाम मांडला. संध्याकाळी आली पिकलेल्या वलसाडी हापूसची करंडी! गुजरातीत केरी म्हणजे कुठलाही आंबा, आपली कैरी मात्र कच्चीच. आम्ही रस ओरपला. मोहरी पुढे वर्षभर फोडणीला पुरली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे वर आलेला 'सरंजाम' हा शब्द. आपण तो लग्नाच्या नाहीतर स्वयंपाकाच्या तयारीला वापरतो. पण याच शब्दाच्या अर्थावर आमच्या या प्रदेशाचा खटला थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढला गेला.

झालं असं. 1779 मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. सवाई माधवराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे, कारभार नाना फडणवीसांचा. इंग्रजांशी युद्ध चालू होतं, तेव्हा पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. म्हणून वर्षाला 12,000 रुपये उत्पन्नाची गावं त्यांना लावून दिली. 1783 ला नगर हवेली, 1785 ला दादरा, मिळून 72 गावं. पुढे पेशवाई गेली, इंग्रजही गेले, पोर्तुगीज मात्र इथेच.

1954 च्या जुलैमध्ये गोमंतकीय तरुणांनी आधी दादरा सोडवलं, मग आझाद गोमंतक दलाने नरोली. 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. या लढ्यात कोण कोण होतं बघा! राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे आणि चक्क सुधीर फडके. निधीसाठी लतादीदींनी पुण्यात कार्यक्रम केला. त्यानंतर आठच महिन्यांनी, 1 एप्रिल 1955 ला, याच बाबूजींचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवर सुरू झालं.

पोर्तुगालने 1955 च्या डिसेंबरात हेगला दावा लावला. म्हणणं असं की गावं आमची, तिथे जायला वाट द्या. निकाल लागला 12 एप्रिल 1960 ला. न्यायाधीशांनी तहातले मराठी शब्द तपासले आणि सांगितलं की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम. राज्य दिलं नव्हतं. बँकवाल्याच्या भाषेत सांगतो. व्याज तुमच्या खात्यात जमा झालं म्हणून बँक तुमची होत नाही! पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता चालवून घेतली, हेही न्यायालयाने मानलं. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क दिला. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांना नाही. आणि भारताने वाट अडवली त्यात काही गैर केलं नाही, असंही म्हटलं.

मधली सात वर्षं इथे वरिष्ठ पंचायतीने कारभार केला. 1961 मध्ये भारतात सामील व्हायचं, तर करारावर सही कोण करणार? मग बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसासाठी पंतप्रधान केलं आणि त्यांनी नेहरूंबरोबर सही केली. आमच्या बँकेत एक दिवसाचा ऑफिशिएटिंग भत्ता मिळवायलासुद्धा तीन अर्ज करावे लागत! 11 ऑगस्ट 1961 पासून आम्ही रीतसर भारतात.

आमची नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, हिंदीत भांडतात, गुजरातीत भाव करतात. चांगलंच आहे, पोट भरणारी भाषा यायलाच हवी. पण जवळपास अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने मराठीत नेमका शब्द लिहिला, म्हणून तो पुढे हेगमध्ये कामाला आला. 'केरी' आणि 'कैरी'त चूक झाली तर फार तर मोहरी उरते. सगळ्याच शब्दांचं तसं नसतं.

म्हणून दर 2 ऑगस्टला नातवंडांना बसवून ही गोष्ट मी मराठीतच सांगतो. मधेच "मतलब क्या, आजोबा?" येतं. तेव्हा थांबायचं, अर्थ सांगायचा, पुढे जायचं. मागच्या वर्षी नऊदा थांबलो. यंदा सहादा.