आपल्याच लिखाणाला कुलूप

नव्वदच्या दशकात मराठी टाइप करायला जे फॉन्ट मिळत, त्यांतल्या बहुतेकांत एक मेख होती. संगणक आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवी. फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देई. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. अकोल्याला टाइप केलेला मजकूर आमच्या हिवरखेडात उघडला की नुसती गिचमिड! म्हणजे आपलंच लिखाण वाचायला त्यांचंच सॉफ्टवेअर विकत घ्या.

खरं तर इस्की हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालीच आली होती. युनिकोड घरोघरी पोचायला मात्र पुढचं दशक उजाडलं. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघालं. मी त्यावरच लिहितो. फुकट आहे म्हणून नव्हे. फाइलची रचना सर्वांना खुली आहे, उद्या बनवणारे राहिले नाहीत तरी ती दुसऱ्या कुणाला वाचता येईल म्हणून.

आमच्या शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर अजून जुन्या फॉन्टात अडकलाय. परिवर्तकातून एकेक पान सोडवतोय. जोडाक्षरं हातानं दुरुस्त करावी लागतात. त्यात गेलेल्या सहकाऱ्यांचे लेख आहेत. तुमच्याकडेही अशा फायली असतील, तर वेळेत युनिकोडात आणा.