साक्षींचे संकलन आणि वादळाची संहिता : डीफो ते पिडिंग्टन

१

वादळाविषयीच्या लेखनात एक मूलभूत अडचण आहे. वादळ संपूर्णपणे कोणालाच दिसत नाही. ज्याच्या घरावरून ते जाते त्याला कौले उडाल्याचा आवाज ऐकू येतो, जहाजावरच्या माणसाला डोलकाठी मोडलेली दिसते, आणि दूरच्या गावी त्याच रात्री केवळ जोराचा वारा सुटलेला असतो. वादळाचा विस्तार, त्याचा मार्ग व त्याची गती या गोष्टी कोणत्याही एका साक्षीदाराच्या अनुभवात नसतात. अनेक साक्षी एकमेकींशेजारी मांडल्या म्हणजेच त्या प्रकट होतात. या अर्थाने वादळ ही संकलनातून सिद्ध होणारी संहिता आहे, आणि तिचा कर्ता साक्षीदारापेक्षा संकलक असतो.

हवामानाच्या हौशी निरीक्षकांनी घडवलेल्या या लेखनप्रकाराचा इतिहास विज्ञानाच्या इतिहासात सांगितला जातो, साहित्येतिहासात क्वचितच. प्रस्तुत निबंधात १७०३ च्या इंग्लंडमधील महावादळाचे डॅनिएल डीफोकृत संकलन आणि १८३९ पासून कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन याने प्रसिद्ध केलेली वादळवृत्ते यांचा एकत्रित विचार केला आहे. या दोहोंत प्रभावाचे नाते सिद्ध करावयाचे नाही. एकाच प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे ताडून पाहावयाची आहेत. तो प्रश्न असा : कोणाची साक्ष ग्राह्य धरावयाची?

२

जुन्या कालगणनेनुसार २६ नोव्हेंबर १७०३ च्या रात्री दक्षिण इंग्लंडवरून हे वादळ गेले. एडिस्टोनचे दीपगृह त्याचा निर्माता हेन्री विन्स्टन्ली याच्यासह नाहीसे झाले. वेल्स येथे बिशप रिचर्ड किडर व त्यांची पत्नी धुराडे कोसळून झोपेतच मृत्यू पावली. गुडविनच्या वाळूच्या दांड्यांवर आरमाराची जहाजे फुटून हजाराहून अधिक खलाशी बुडाले.

डीफो त्याच महिन्यात तुरुंगातून सुटला होता. एका उपरोधिक पत्रिकेबद्दल त्याला भर चौकात खोड्यात उभे राहावे लागले होते. त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा अशी त्याची स्थिती नव्हती, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवी. त्या रात्री दहाच्या सुमारास त्याने घरातील वायुभारमापक पाहिला. पारा इतका खाली उतरला होता की मुलांनी नळीला हात लावला असावा असे त्याला वाटले. निरीक्षकाच्या आयुष्यातील हा क्षण अर्थपूर्ण आहे. उपकरण खरे बोलत असताना त्याची साक्ष अविश्वसनीय वाटते, कारण ती आजवरच्या अनुभवाच्या कक्षेबाहेरची असते.

वादळानंतर काही दिवसांतच डीफोने वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन देशभरच्या लोकांकडून वृत्तांत मागवले. त्यांतून १७०४ मध्ये ‘द स्टॉर्म’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात पाद्री, खलाशी, व्यापारी, गृहस्थ अशा अनेकांची पत्रे आहेत. प्रस्तावनेत डीफो छापील शब्दाच्या जबाबदारीविषयी लिहितो. त्याच्या मते प्रवचन मोजक्यांच्या कानी पडते, तर ग्रंथ साऱ्या जगाशी व पुढील पिढ्यांशी बोलतो. म्हणून ग्रंथातील असत्य हा अधिक मोठा अपराध होय. पत्रांच्या गावंढळ भाषेबद्दल तो क्षमा मागत नाही. साधेपणा हेच त्याला प्रामाण्याचे लक्षण वाटते. ज्याची स्वतःची पत गेली आहे, असा लेखक इतरांच्या अनलंकृत शब्दांतून पत उभी करतो. ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) आणि ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ (१७२२) यांतील वृत्तांतसदृश गद्याची जडणघडण या संकलनापर्यंत मागे नेता येते. फरक एवढाच, की पुढे साक्षीदार कल्पित झाले आणि साक्षीची भाषा तशीच राहिली.

३

या ग्रंथात मोजण्याची ओढ सर्वत्र आहे. केंटमधील उन्मळलेली झाडे मोजता मोजता डीफो सतरा हजारांपर्यंत जातो आणि थकून थांबतो. कौलांचा भाव हजारी एकवीस शिलिंगांवरून सहा पौंडांवर गेल्याचे तो नोंदवतो. वाऱ्याच्या प्रतींचा, निश्चल हवेपासून तुफानापर्यंतचा, बारा पायऱ्यांचा तक्ताही तो देतो. फ्रान्सिस ब्यूफर्टची प्रसिद्ध श्रेणी त्यानंतर शतकाने, १८०६ मध्ये, त्याच्या रोजनिशीत आली.

याहून लक्षणीय आहे ती विल्यम डेरॅम या एसेक्समधील अपमिन्स्टर गावच्या पाद्र्याची नोंद. रॉयल सोसायटीला पाठवलेले त्याचे पत्र डीफोनेही समाविष्ट केले. डेरॅमने आपल्या वायुभाराच्या नोंदी लँकेशायरमधील रिचर्ड टाउन्ली याच्या नोंदींशी ताडल्या. उत्तरेला वादळाची झळ तितकीशी लागली नव्हती, हे अशा तुलनेतूनच कळले. वाऱ्याचे बल मोजण्याचे साधन नसल्याने ते अंदाजानेच ठरवावे लागते, असे तो मोकळेपणाने सांगतो, आणि आधीच्या एका भयंकर वादळाला दहा अंश धरून याला किमान पंधरा अंश देतो. येथे अंक हे अनुभवाचे रूपक आहे, आणि ते तसे असल्याची कबुली त्यासोबतच आहे.

ससेक्समधून आलेल्या वृत्तांतात वेगळ्याच प्रकारची साक्ष आहे. समुद्रापासून आत असलेल्या भागात एका वैद्याने जाता जाता कुंपणाचे शेंडे खुडून चावले, तर ते खारट लागले. टेकड्यांवरचे गवत इतके खारट झाले होते की मेंढ्या भुकेने व्याकूळ होईपर्यंत त्याला तोंड लावीनात. वारा समुद्र किती आत घेऊन आला याचे हे मोजमाप जिभेने घेतलेले आहे. संकलकाने ते वायुभाराच्या आकड्यांशेजारी मांडले, आणि दोहोंत उच्चनीच केले नाही.

४

झाडे मोजण्यापासून झाडांची दिशा वाचण्यापर्यंत यायला शतकाहून अधिक काळ गेला. १८२१ च्या सप्टेंबरमधील वादळानंतर कनेटिकटमध्ये फिरताना विल्यम रेडफील्ड याला एका भागातील झाडे वायव्येकडे, तर दुसऱ्या भागातील आग्नेयेकडे पडलेली दिसली. त्यावरून वादळ हे फिरते चक्र असल्याचे अनुमान त्याने १८३१ मध्ये मांडले. विल्यम रीड या लष्करी अभियंत्याने १८३८ च्या ग्रंथात ते पुढे नेले, आणि त्या वाचनाने भारावलेला, व्यापारी जहाजावरून बंगालात स्थिरावलेला कप्तान हेन्री पिडिंग्टन कामाला लागला.

३ ते ५ जून १८३९ या दिवशी बंगालच्या उपसागरात झालेल्या वादळाचे त्याचे पहिले वृत्त एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले. पुढे अशी विसांहून अधिक वृत्ते त्याने लिहिली. त्याची पद्धत डीफोचीच होती : जहाजांच्या रोजनिशा व किनाऱ्यावरची पत्रे गोळा करणे आणि विसंगती ताडून पाहणे. मात्र त्याला नकाशा मिळाला होता. जेथे डीफो पत्रापुढे पत्र ठेवतो, तेथे पिडिंग्टन प्रत्येक साक्ष वर्तुळावरील बिंदू म्हणून रोवतो. १८४८ च्या ‘द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स’ या ग्रंथासोबत त्याने शिंगाच्या पारदर्शक चकत्या दिल्या. कप्तानाने त्या नकाशावर ठेवाव्यात आणि वाऱ्याच्या दिशेवरून वादळाचा मध्य ओळखावा. ग्रंथनामात मुलांच्या मुळाक्षरांच्या पाटीचाही श्लेष आहे. नागाच्या वेटोळ्याच्या ग्रीक कल्पनेवरून त्याने याच ग्रंथात ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. तुफान, झंझावात, वावटळ हे आपले शब्द वाऱ्याचा अनुभव सांगतात. बंगालीत ‘झड’ म्हणजे वादळ, तर मराठीत ‘झड’ म्हणजे लागून राहिलेला पाऊस. एकाच ध्वनिरूपात दोन प्रदेशांचे दोन ऋतू आहेत. याउलट मराठी ‘चक्रीवादळ’, हिंदी ‘चक्रवात’ व बंगाली ‘घूर्णिझड’ हे शब्द आकाराचे वर्णन करतात, आणि तो आकार वादळात सापडलेल्या माणसाला कधीच दिसत नाही. या शब्दांत शेकडो साक्षींचे संकलन गोठलेले आहे.

५

तथापि या संकलनाला सीमा आहे. रोजनिशी कप्तान लिहितो, लस्कर लिहीत नाही. सुंदरबनातील नावाडी व शेतकरी हे वादळवृत्तांत प्राधान्याने बळी म्हणून येतात. डीफोच्या ग्रंथातील मेंढपाळाला जी जागा आहे, ती त्यांना नाही.

खुद्द पिडिंग्टनची साक्षही पुढे दुर्लक्षित झाली. १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी याला उद्देशून प्रसिद्ध केलेल्या पत्रात त्याने वादळाबरोबर येणाऱ्या समुद्रलाटेचा सुंदरबनातील धोका दाखवून दिला, आणि मातला नदीवरील नियोजित बंदराविषयी सावध केले. बंदर उभे राहिले. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात कोलकाता व हुगळीच्या काठी पन्नास हजारांवर माणसे दगावली, आणि १८६७ च्या वादळाने पोर्ट कॅनिंग उद्ध्वस्त केले. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, आणि हौशी संकलकाचे काम शासकीय झाले.

अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ (२००४) या कादंबरीत पिडिंग्टनची ही कथा एका पात्राच्या तोंडून येते. मात्र १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत विद्यापीठ परिसरात आलेल्या विनाशी वावटळीत घोष स्वतः सापडले होते. तो अनुभव कादंबरीत आणण्याचे आपले प्रयत्न फसले, कारण तो अविश्वसनीय वाटला असता, असे त्यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) मध्ये नमूद केले आहे. डीफोने संकलनाची भाषा घेऊन कादंबरी घडवली. तीन शतकांनंतर कादंबरीकाराला स्वतःचीच साक्ष कादंबरीत मांडता येईना. एकट्या निवेदकाच्या अनुभवाला संभाव्यतेच्या तराजूत तोलणारी कादंबरी एका बाजूला, आणि असंभाव्य गोष्ट अनेकांच्या तोंडून वदवून ग्राह्य करणारे संकलन दुसऱ्या बाजूला, असा हा भेद आहे. तौलनिक साहित्याभ्यासाने संकलनाला कादंबरीची केवळ पूर्वसामग्री न मानता स्वतंत्र लेखनप्रकार मानावे. पारा खोटे बोलतो आहे असे डीफोला घरात एकट्याने पाहताना वाटले होते. इतरांची पत्रे आल्यावर तो खरा ठरला.