दहा यार्डांचा हिशेब

अमेरिकन फुटबॉल प्रथमच पाहणाऱ्यास त्या गोंधळांत एवढेंच कळतें कीं, अंगाला अंग भिडतें, माणसें ढिगानें कोसळतात, शिट्टी वाजते आणि सारें पुन्हां मांडून सुरू होतें. या प्रत्येक झटापटीला तेथें ‘डाउन’ म्हणतात. हुतूतूच्या गड्याला जशी दमाची मर्यादा, तशी चेंडू बाळगणाऱ्या संघाला डाउनची. चार डाउनमध्यें दहा यार्ड पुढें सरकावें, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं करावा. हा चाराचा आंकडा कोणा एकाला सुचलेला नाहीं. तो तीस वर्षांच्या वादांतून व कित्येक तरुणांच्या मृत्यूंतून चालत आला आहे.

आरंभीं मर्यादा मुळींच नव्हती. १८८० सालीं येलच्या वॉल्टर कँप यांच्या आग्रहानें रग्बीतील ओढाताण गेली आणि चेंडू एका पक्षाच्या निर्वेध ताब्यांत देण्याची पद्धत आली. पण तो ताबा सुटावा कसा, याचा विचार कोणीं केला नव्हता. १८८१ सालीं प्रिन्स्टन व येल यांच्या सामन्यांत एकानें पूर्वार्धभर आणि दुसऱ्यानें उत्तरार्धभर चेंडू नुसता दाबून धरला. दोहोंकडे शून्य! जमलेले प्रेक्षक काय पाहून गेले, तें त्यांनाच ठाऊक.

तेव्हां १८८२ सालीं नियम झाला: तीन डाउनमध्यें पांच यार्ड पुढें जा किंवा दहा यार्ड मागें हटा, नाहीं तर चेंडू सोडा. मागें हटूनहि चेंडू राखतां येण्याची ही सवलत आज विचित्रच वाटते. अंतर मोजण्यासाठीं दर पांच यार्डांवर रेघा आल्या, मैदान भाजण्याच्या जाळीसारखें दिसूं लागलें आणि ‘ग्रिडआयर्न’ हें नांव पडलें.

पांच यार्डांस तीन डाउन, म्हणजे दर वेळीं पावणेदोन यार्डहि नव्हेत. एवढ्याला युक्ति कशाला? वजन पुरे होतें. १८९२ सालीं हार्वर्डनें येलविरुद्ध धांवत्या गड्यांची पाचर करून एकाच माणसावर घातली. तिचें अनुकरण सर्वत्र झालें. अशा सामुदायिक धडकांत हाडें मोडत, प्रसंगीं प्राणहि जात. १९०५ च्या हंगामांत मृतांची संख्या दीड डझनाच्या आसपास गेली. त्याच ऑक्टोबरांत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून घेतलें होतें.

१९०६ सालीं पांचाचे दहा यार्ड झाले. डाउन मात्र तीनच राहिले. दर वेळीं तीन यार्डांहून अधिक हवे झाल्यावर नुसत्या रेट्यानें भागेना. चेंडू पुढें फेकण्याची मुभाहि त्याच वर्षीं मिळाली. पण फेक फसल्यास शिक्षा जबर, म्हणून जपून खेळणारे लाथेनें चेंडू दूर उडवून मोकळे होत. अखेर १९१२ सालीं चौथा डाउन मिळाला आणि मैदान शंभर यार्डांचें झालें. एक डाउन वाया गेला तरी तीन हातीं उरतात, हें बळ मिळतांच फेकीचें धाडस वाढलें. पुढच्याच वर्षीं नोत्र दामनें आर्मीला ३५–१३ असें हरवलें, तें मुख्यतः फेकींवर.

कॅनडांत मात्र तीनच डाउन राहिले. तेथें तिसरा डाउन बहुधा लाथेसाठीं राखावा लागतो. म्हणजे खऱ्या संधी दोनच. त्यामुळें पहिल्याच डाउनला फेक करण्याकडे ओढा अधिक असतो. मैदानहि तेथें लांबरुंद, ११० यार्डांचें आहे.

चौथ्या डाउनला काय करावें, हा प्रश्न अमेरिकेंत दीर्घकाळ प्रश्नच समजला गेला नाहीं. चेंडू लाथाडणें हीच रीत. डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञानें २००६ सालच्या निबंधांत हिशेब मांडून दाखविलें कीं, शिक्षक गरजेहून फार वेळां लाथेचा आश्रय घेतात. शिक्षकाचीहि अडचण उघड आहे: लाथ मारून हरला तर कोणी बोलत नाहीं, धाडस करून हरला तर नोकरी जाते. ४ फेब्रुवारी २०१८ रोजीं मिनिआपोलिस येथील सुपर बोलमध्यें फिलाडेल्फियाच्या संघानें पूर्वार्ध संपतां संपतां, चौथ्या डाउनला, गोल अवघ्या यार्डावर असतांना हातचे तीन गुण सोडले. ज्यानें चेंडू फेकायचा त्या निक फोल्सनेंच तो झेलला आणि सहा गुण मिळाले. सामना ४१–३३ असा त्यांनींच जिंकला.