कोंडा, सिलिकॉन आणि हृदय

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या मंडळींना तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था परिचित आहे; परंतु ती मूळची येथील नव्हे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. 1918 साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे, पाश्चर संस्थेच्या एका खोलीत, बेरीबेरी रोगाच्या संशोधनास आरंभ केला. तेच या संस्थेचे बीज. 1958 साली ही प्रयोगशाळा हैदराबादेस आली, तेव्हा तिची धुरा डॉ. वि. ना. पटवर्धन यांच्याकडे होती. 1969 साली तिला आजचे नाव लाभले.

बेरीबेरी हा मुख्यतः सडलेल्या, पांढऱ्याशुभ्र तांदळावर जगणाऱ्यांचा रोग. त्याच्या एका प्रकारात अंगावर सूज चढते आणि हृदय थकत जाते. जावा बेटावर आइकमन यांना कोंबड्यांच्या निरीक्षणातून याचा सुगावा लागला होता. पुढे 1926 साली यान्सेन व डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, वेगळे केले. ते आहारातून गेले की रोग होतो, वेळीच दिले की रोगी सावरतो. असा दुहेरी पुरावा मिळाल्यावर शंकेला जागा उरली नाही.

धान्याच्या तुसात व कोंड्यात आणखी एक द्रव्य असते, ते सिलिकॉन. 1972 साली एडिथ कार्लाइल यांनी कोंबडीच्या पिलांवर आणि क्लाउस श्वार्ट्झ यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की सिलिकॉनविना त्यांची वाढ खुंटते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही हे द्रव्य आढळते. 1977 साली श्वार्ट्झ यांनी फिनलंडमधील पिण्याच्या पाण्याचा दाखला देऊन असे मांडले, की जेथे पाण्यात सिलिकॉन कमी, तेथे धमनीकाठिण्य अधिक. तर्क मोहक होता. पण ज्या पूर्व फिनलंडमध्ये हृदयरोग बोकाळला होता, तेथे लोणी आणि तंबाखू यांचेही सेवन भरपूर होते. 1972 साली उत्तर कारेलिया प्रांतात आहार व धूम्रपान यांविषयी मोहीम सुरू झाली आणि पुढील दशकांत हृदयरोगाचे मृत्यू झपाट्याने घटले. त्यासाठी कोणी पाण्यात सिलिकॉन मिसळले नव्हते.

या कथेतही तारनाक्याचा वाटा आहे. पाण्यातील फ्लोराइडमुळे हाडे वाकविणाऱ्या रोगाचा अभ्यास करताना, येथील संशोधकांनी लोकांच्या आहारातील फ्लोराइडबरोबर सिलिकॉनही मोजले; तो निबंध 1996 साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य आहारात सिलिकॉन दिवसाला साधारण 20 ते 50 मिलिग्रॅम असते. भारत व चीनमध्ये 140 ते 200 मिलिग्रॅमपर्यंतच्या नोंदी आहेत. आपला आहार धान्यप्रधान, म्हणून हे प्रमाण अधिक. तरीही हृदयविकाराने आपल्याकडची कर्ती माणसे ऐन उमेदीत गाठली आहेत. यावरून सिलिकॉन निरुपयोगी ठरत नाही. परंतु त्याच्या एकट्याच्या बळावर हृदय राखता येते, असेही म्हणता येत नाही.

हा लेखनप्रपंच करण्याचे कारण घरगुती आहे. माझ्या एका वयोवृद्ध आप्तांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून सिलिकाच्या कॅप्सूल सुरू केल्या. ‘आपल्या पूर्वजांच्या कोंड्यातच हे औषध होते,’ असे त्यांचे म्हणणे. वस्तुतः माणसाला रोज किती सिलिकॉन हवे, याचे सर्वमान्य प्रमाण आजही ठरलेले नाही. याच संस्थेच्या 2017 सालच्या अन्नघटक-कोष्टकांत कॅल्शियम, लोह, जस्त आहेत, सिलिकॉन नाही. शिवाय हे द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी, त्यांच्या रक्तात ते साचते.

ज्वारीची भाकरी आपण मराठवाड्यातून येथे आणली, ती अवश्य खावी. तिच्यातील तंतू आणि मॅग्नेशियम यांचे मोल सिद्ध आहे. परंतु थायमिनला जो मान मिळाला, तो रोगी बरे करून मिळाला. सिलिकॉनने अजून ती परीक्षा दिलेली नाही. ती देईपर्यंत रक्तदाबाची गोळी चुकवू नये, एवढेच त्या आप्तांना आणि वाचकांना सांगणे आहे.