कार्ताझ, दस्तक आणि व्हिसा

परदेशी जाण्याच्या परवान्याकडे आपण बहुधा प्रवाशाच्या बाजूने पाहतो. कागदपत्रे कोणती लागतील, शुल्क किती, मुदत किती दिवसांची? भूतानसारखा देश पर्यटकांकडून दर रात्रीचा आकार घेतो. उत्तर कोरिया पाहुण्याला सरकारी वाटाड्याशिवाय फिरू देत नाही. अशा देशांविषयीची चर्चाही याच अंगाने होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र वेगळाच प्रश्न पडायला हवा. परवाना देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार कोठून आला, आणि घेणारा तो घेताना नेमके काय कबूल करून बसतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वसईइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. वसई म्हटले की आपले मन साहजिकच १७३९ च्या रणाकडे, चिमाजी अप्पांकडे धावते. पण वसईचा फिरंगी कालखंड सुरू झाला तोच मुळी परवान्याच्या एका कलमाने. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्यात तह झाला. हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने सुलतान अडचणीत होता. तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना मिळाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच तहात आणखी एक अट होती. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबताने आधी वसईस यावे, तेथे पोर्तुगीज परवाना घ्यावा, आणि परतताना पुन्हा वसईस येऊन जकात भरावी. गुजरातच्या इतर गलबतांनीही पोर्तुगीज परवान्याशिवाय समुद्रात जाऊ नये, असेही ठरले. म्हणजे वसईला ठाणे म्हणून आकार येण्यापूर्वीच तिच्याकडे परवाना-कचेरीचे काम आले होते. पुढच्याच वर्षी दीव येथे किल्ला बांधण्याची मुभा मिळाल्यावर गलबतांना वसईस येण्याची सक्ती उठली. परवान्याची सक्ती मात्र उठली नाही. १५३७ मध्ये दीवजवळ समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशहा मारला गेला.

या परवान्याला पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत. शब्द मूळचा अरबी, ‘किर्तास’, म्हणजे कागद. ज्यांचा व्यापार मोडायचा त्यांच्याच भाषेतून परवान्याचे नाव उचलावे, यात इतिहासाची थोडी थट्टा आहेच. कार्ताझवर गलबताचे आणि नाखव्याचे नाव, गलबताचा आकार, त्यावरील माणसे व शस्त्रे, कोठून निघाले आणि कोठे जाणार याची नोंद असे. मिरीसारख्या काही जिनसा नेण्यास मनाई असे, शत्रूला जागा देण्यास मनाई असे. परवाना एका सफरीपुरता. कागदाची किंमत फारशी नव्हती. गलबताला पोर्तुगीज नाक्यावर थांबवून जकात घेणे हा खरा हेतू. कार्ताझ नसलेले, किंवा असूनही त्यातील मजकुराबाहेर गेलेले गलबत मालासह जप्त करता येई.

पण यात केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. १४९९ मध्ये, वास्को द गामा परतल्यानंतर, राजा मानुएल याने इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन व व्यापार यांचा स्वामी अशी पदवी धारण केली. जमिनीचा राजा आपण समजू शकतो. नौकानयनाचा स्वामी ही नवीच कल्पना होती. हिंदी महासागरात शतकानुशतके अरब, गुजराती, मलबारी गलबते ये-जा करीत होती. बंदराचा धनी बंदरात जकात घेई, पण पाण्यावरून जाण्यासाठी कुणाचा कागद मागावा लागत नसे. कार्ताझमुळे हे पाणी एकाएकी परदेश झाले. तेथे जाण्यासाठी परवानगी हवी, आणि परवानगी मागितली की तो देश परक्याचा आहे हे आपोआप मान्य झाले. पुढे १६०९ मध्ये ह्यूगो ग्रोशियस या डच विधिज्ञाने समुद्र कुणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. त्यामागे डचांचा व्यापारी स्वार्थ उघड होता, पण युक्तिवाद अचूक जागी बसला होता.

हा पेच सर्वांत तीव्रपणे जाणवला तो हज यात्रेकरूंना. अकबराच्या दरबारातील इतिहासकार अब्दुल कादिर बदायूनी याने नोंदविले आहे की मख्दूम-उल-मुल्क या धर्मशास्त्र्याने हिंदुस्थानच्या मुसलमानांवर हजचे बंधन उरलेले नाही असा निर्णय दिला होता. खुष्कीची वाट शियापंथी इराणातून जाते, आणि समुद्रमार्गे जायचे तर ज्यावर मेरी आणि येशू यांची चित्रे आहेत असा फिरंग्यांचा कागद जवळ बाळगावा लागतो. बदायूनीला या शास्त्र्याविषयी प्रेम नव्हते, तेव्हा त्याच्या शब्दांतील खोच लक्षात घ्यावी. तरीही त्या युक्तिवादात एक मर्म आहे. ईश्वराच्या घरी जाण्यासाठी परधर्मी सत्तेची मुद्रा खिशात ठेवायची की घरीच राहायचे, हा प्रश्न त्या काळच्या श्रद्धाळू माणसाला खोटा वाटला नसणार.

सम्राटाच्या घरच्या माणसांचीही यातून सुटका नव्हती. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजसाठी निघाली आणि कागदपत्रांच्या घोळात सुरतेस जवळजवळ वर्षभर अडकून पडली. अखेर पोर्तुगीजांना दमणजवळचे एक गाव देऊन वाट मोकळी करून घ्यावी लागली. ज्याच्या नावाने दूरवर नाणे चालू लागले होते, त्याच्या आत्याला किनारा सोडण्यासाठी वर्षभर तिष्ठावे लागावे, यावरून त्या कागदाचे वजन कळते. १६१३ मध्ये तर जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज, रीतसर कार्ताझ असताना, पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. मोगलांनी दमणवर फौज पाठवली. परवाना ज्याच्या हातचा, त्याच्या मर्जीचा. तो पाळण्याचे बंधन एकाच बाजूवर असते, हे त्या प्रसंगाने स्पष्ट झाले.

मराठ्यांना हे गणित लवकर उमगले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे वेगळे प्रकरण आहे आणि त्यात कौल घेतलेल्या सावकारांच्या गलबतांना धक्का लागू नये यावर भर आहे. कौल देणारा आता मराठी राजा होता. कान्होजी आंग्रे यांनी तर आपल्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावरून कुणी जाऊ नये असा दंडक घातला. हिंदी व्यापाऱ्यांनी दस्तके घेतली. इंग्रजांनी घेण्याचे नाकारले आणि कान्होजींना चाचा ठरविले. आपल्याकडील शालेय इतिहास ‘चाचा’ या शब्दाचा राग धरून थांबतो. खरे तर इंग्रजांची अडचण शिवीपेक्षा खोल होती. दस्तक घेतले असते तर किनाऱ्याचा धनी कोण, हा वाद तेथेच संपला असता. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे जे केले त्याला कायदा म्हणायचे आणि आंग्र्यांनी तेच केले की चाचेगिरी, हा भेद कृतीतला नव्हता. तो लिहिणाऱ्याच्या लेखणीतला होता.

मे १७३९ मध्ये वसई पडली. तहाच्या अटींप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी लष्करी इतमामाने बाहेर पडली आणि ज्या रहिवाशांना जायचे होते त्यांना आपली चीजवस्तू नेता आली. वसईतून बाहेर जाण्याची मुभा आता मराठे देत होते.

येथून पुढचा दुवा थोडा उत्तरेकडे, आजच्या पालघर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या दादरा-नगरहवेलीत आहे. १७७९ मध्ये पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला आणि दमण परगण्यालगतच्या गावांतून बारा हजार रुपये उत्पन्न त्यांना लावून देण्याचे कबूल केले. १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा झाल्या. इंग्रज आले, गेले. दादरा आणि नगरहवेली मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. दमण समुद्रकाठी, हे दोन तुकडे आत, आणि मध्ये भारताचा मुलूख. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा इंग्रजी अमदानीत फारशी अडखळत चाललेली नव्हती. सशस्त्र पोलीस वा सैन्य न्यायचे असेल तर मात्र दर वेळी आधी विचारावे लागे. ऑक्टोबर १९५३ पासून भारत सरकारने निर्बंध कडक केले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना भारतीय व्हिसा घ्यावा लागू लागला. २१ जुलै १९५४ रोजीसुद्धा दमणच्या गव्हर्नरला दादराला जाऊन परत येण्यासाठी व्हिसा दिला गेला होता. त्याच रात्री दादरा मुक्त झाले. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले आणि भारताने ही वाहतूक पूर्णपणे थांबविली.

पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा गुदरला: स्वतःच्याच मुलखाच्या दोन भागांत जाण्या-येण्याचा हक्क आम्हाला आहे. भारताच्या वतीने तदर्थ न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महंमद करीम छागला बसले. भाषेच्या अभ्यासकांनी हा निकाल मुद्दाम वाचावा. मराठी दस्तऐवजातील शब्दांचा अर्थ लावणे हा त्यातला एक कळीचा भाग आहे. मराठ्यांनी ही गावे पोर्तुगीजांना दिली म्हणजे काय दिले? राज्य की केवळ उत्पन्न? न्यायालयाने तहाचे निरनिराळे पाठ तपासले. सार्वभौमत्व देताना वापरले जाणारे शब्द इतर तहांत आढळतात, पण येथे ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ एवढेच शब्द आहेत, असे त्याने नोंदविले. सरंजाम म्हणजे नेमून दिलेला महसूल. मुलखाचे स्वामित्व नव्हे. पुण्याच्या कारकुनाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी तोलून मांडलेला शब्द दूरच्या न्यायाधीशांपुढे साक्षीला उभा राहिला. मराठ्यांकडून न मिळालेले सार्वभौमत्व पोर्तुगीजांना पुढे इंग्रजांच्या मूक मान्यतेने मिळाले, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या वाहतुकीचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्याबाबतीत आठ विरुद्ध सात मतांनी हक्क नाकारला गेला. त्याचे कारण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सशस्त्र दलांसाठी आजवर परवानगी मागितली जात होती. जेथे दर वेळी परवानगी मागावी लागते तेथे हक्क असत नाही. सोळाव्या शतकातील त्या धर्मशास्त्र्याला आणि अठराव्या शतकातील मुंबईच्या इंग्रजांना जे कळले होते, तेच येथे कायद्याच्या भाषेत आले. १९५४ मध्ये भारताने वाहतूक थांबविली ती त्या वेळच्या तणावाच्या परिस्थितीत, आणि त्यात कोणत्याही बंधनाचा भंग झाला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. निकालावर दोन्ही देशांनी विजयाचा दावा करावा इतकी त्यात जागा होती.

या सात वर्षांत दादरा-नगरहवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. पोर्तुगाल गेलेला, भारत अजून रीतसर आलेला नाही, अशी ती अवस्था. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारतात सामील झाला. सामीलनाम्यावर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या भारतीय सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तेथील पंतप्रधान करावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात दमणही भारतात आले आणि तेथून दादराला जाणाऱ्या माणसाला कागद विचारणारे नाके उरले नाही.