संयमाच्या नावाखाली
२०२३ च्या ऑक्टोबरारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. नांदेड-लातूरकडच्या कित्येक गोरगरिबांना अशा दवाखान्यांवाचून आधार नाही. त्यांचे दुःख पडद्यावर दाखवणे सभ्यतेला धरून आहे काय, हा वाद आम्हांस नवा वाटत नाही.

१९८४ च्या भोपाळ वायुकांडावरील तपन बोस व सुहासिनी मुळे यांचा ‘बियाँड जेनोसाइड’ हा अनुबोधपट राष्ट्रीय पुरस्कार मिळवूनही दूरदर्शनने नाकारला. कारणे काय, तर म्हणे त्यात संयम नाही, विषय शिळा झाला. (पीडितांचा खोकला मात्र शिळा झाला नव्हता!) घटनेत सभ्यता, नीती, सुव्यवस्था यांची बंधने आहेत, पण सरकारवरील टीका त्यांत बसत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या जुलैत दिला. तोवर दुर्घटनेला साडेसात वर्षे होऊन गेली होती.