मेसचे पैसे खात्यात आले, पंगतीचं काय?

कॉलेजातल्या पोरांचे ग्रुप कसे जमतात? एकच बस, एकच गाव, एकच बोली, कॅन्टीनमधलं ठरलेलं टेबल. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा एकच जात. 'आपली पोरं' हा शब्द होस्टेलात पहिल्याच आठवड्यात कानावर येतो. पण महाराष्ट्राचं सार्वजनिक जीवन बदलणारे विद्यार्थ्यांचे गट गेल्या सव्वाशे वर्षांत कुठे तयार झाले हे शोधायला गेलं, तर पुन्हा पुन्हा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरापाशी येऊन थांबावं लागतं. सध्या 'वसतिगृह नाही तर पैसे घ्या' असं धोरण जोरात आहे, म्हणून हा इतिहास थोडा उगाळतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळा आणि कॉलेजं निघाली ती शहरांत. खेड्यातल्या मुलासमोर पहिला प्रश्न अभ्यासाचा नव्हताच. राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे? गरीब ब्राह्मण मुलाला माधुकरी होती, वार लावून जेवायची रीत होती. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यात हाल होते, अपमानही होते, पण दार उघडं होतं. त्याच घरांतून जुनी पुस्तकं मिळत, ओळखी होत, नोकरीसाठी शब्द टाकणारं कोणी भेटे. कुणब्याच्या, धनगराच्या पोराला ही सोय नव्हती. महार-मांगांच्या पोराला तर त्या गल्लीतून जाणंही अवघड. नुसती फी माफ करून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

शाहू महाराजांना हे नेमकं कळलं होतं. त्यांनी आधी कोल्हापुरात सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. तिथे ब्राह्मणेतर मुलं टिकेनात. मग त्यांनी वेगळा रस्ता धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०७ ला लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे ही यादी वाढतच गेली. दरबाराने जागा दिल्या, इमारती दिल्या, अनुदानं दिली. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळे.

आज कोणी म्हणेल, जातवार वसतिगृहं काढून जात पक्कीच केली की! आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण त्या काळी एका पंगतीत बसायला कोणी तयार नव्हतं. पोरं शहरात टिकली पाहिजेत, ही पहिली गरज होती. आणि या बोर्डिंगांतून पहिल्यांदाच शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या मुलांचा शहरात एक गट तयार झाला. वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला सांगायचा, कोणता अर्ज कधी भरायचा, कोणते मास्तर मदत करतात, कुणाकडे पुस्तक मिळेल. ब्राह्मण मुलाला ही माहिती घरात किंवा वाराच्या घरी मिळत होती. बाकीच्यांना ती बोर्डिंगात मिळाली.

या भिंतीला पहिला मोठा धक्का दिला तोही बोर्डिंगातल्याच एका पोराने. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहत. त्यांच्या चरित्रांत येणारी हकिकत अशी: मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर त्यांना शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितलं, त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावं लागलं.

पुढे याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' हे नाव मिळालं. इथे मुलं स्वतः स्वयंपाक करत, भांडी घासत, शेतात राबत आणि शेजारी शेजारी बसून जेवत. मराठा, महार, मुसलमान, जैन असा भेद नाही. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे सातारा जिल्ह्यात आजही सांगितलं जातं. याच बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४७ साली साताऱ्यात कॉलेज निघालं तेव्हा 'कमवा आणि शिका' ही कल्पना बोर्डिंगातून थेट कॉलेजात आली.

म्हणजे 'आपली पोरं' कोण, याचं उत्तर बदलता येतं. कोल्हापुरात ते जातीने ठरलं होतं. साताऱ्यात एकाच चुलीवरचं खाणाऱ्यांचा गट झाला. त्यासाठी भाषणं पुरली नसती, रोजची कामाची पाळी लागली.

तिसरा टप्पा मराठवाड्यातला. निजामाचं राज्य जाऊन दोनच वर्षं झाली होती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनाच्या परिसरात वसतिगृहं उभी राहिली आणि गावकुसाबाहेरची पोरं ट्रंक घेऊन तिथे आली. त्यांना एकमेकांची भाषा कळत होती, कारण प्रत्येकाच्या गावचा पाणवठा तसाच होता. मिलिंदच्या वातावरणातूनच १९६७ च्या सुमारास 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं. पुढे ते 'अस्मितादर्श' झालं आणि गंगाधर पानतावण्यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. दलित साहित्याच्या इतिहासात मिलिंदचं नाव टाळून पुढे जाताच येत नाही.

मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाची गोष्ट अशीच. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या काळातल्या बैठका, वाद, रात्र रात्र चाललेल्या चर्चा यांचा एक मोठा अड्डा म्हणजे हे वसतिगृह. रामदास आठवलेही इथलेच. दिवसा कॉलेज किंवा नोकरी आणि रात्री खोलीत दहाजण. अन्यायाची बातमी एकाच्या गावाकडून यायची आणि ती सगळ्यांची व्हायची.

आता आजचं बघू. सरकारी वसतिगृहांत जागा कमी, अर्ज जास्त. त्यावर उपाय म्हणून स्वाधारसारख्या योजना आल्या. वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर खात्यात रक्कम जमा. योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यात जेवणाचे ३२ हजार, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजारही नाहीत. शिवाय हप्ता वेळेवर येत नाही, ही पोरांची कायमची तक्रार. ज्याला काहीच मिळत नव्हतं त्याला याचा आधार झाला, हे मान्य. पण २०१८ साली आदिवासी विकास विभागाने चालू वसतिगृहांतल्या मेस बंद करून पैसे खात्यात द्यायचं ठरवलं, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. 'पैसे नकोत, मेस द्या' हे त्यांचं म्हणणं अनेकांना विचित्र वाटलं. मला ते या सगळ्या इतिहासाला धरून वाटतं.

कारण मेस गेली की पोरं डबा, वडापाव, स्वस्त खानावळ अशी पांगतात. काही पोरं पैसे वाचवून घरी पाठवतात आणि अर्धपोटी राहतात. कॉट बेसिसवरच्या खोलीत चारजण असतील, पण वरच्या वर्गातला कोणी नाही, ग्रंथालय नाही, दुसऱ्या जिल्ह्यातलं कोणी नाही. मग ग्रुप जमतो तो गावचा, जातीचा, नाहीतर गल्लीतल्या एखाद्या भाऊ-दादाच्या फ्लेक्सवरचा. निवडणुकीत बाइक रॅलीला पोरं कुठून मिळतात, हा प्रश्न पडत असेल तर इथेही थोडं बघावं.

जुनी वसतिगृहं म्हणजे स्वर्ग नव्हता. तिथेही गळकी छपरं होती, पाणीदार आमटी होती, दादागिरी होती. तरीसुद्धा ती सुधारायची होती, मोडायची नव्हती. शाहू महाराजांनी पोरांना रोख रक्कम देऊन घरी पाठवलं असतं तर दरबाराचा खर्च वाचला असता. त्यांनी इमारती बांधल्या.

आपल्या तालुक्याच्या गावी सरकारी वसतिगृह आहे का, चालू आहे का, मेस सुरू आहे का, एवढं एकदा जाऊन बघा. आणि जे वसतिगृहात राहून शिकले त्यांनी जरूर लिहा: पंगतीत तुमच्या शेजारी कोण बसायचं?